गॅसच्या खोलीतली उंच रोपं

निवृत्त माणसाला लोक हमखास विचारतात, नोकरीत नेमकं काय करत होता? तलाठी होतो, मास्तर होतो असं सांगणारे सुखी. त्यांना पुढे काही बोलावं लागत नाही. मी खरं उत्तर दिलं की समोरचा माणूस चहाचा कप खाली ठेवतो आणि माझ्या बायकोकडे काळजीने बघतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी झाडांना गॅस देत होतो.

मांजरसुंब्याच्या पुढे हमरस्ता सोडला की माळावर एक कच्चा रस्ता चढतो. तिथे आमची संशोधन रोपवाटिका होती. मी तिथला तांत्रिक सहायक. तांत्रिक म्हणजे मोटार बंद पडली की मला बोलवायचे, आणि सहायक म्हणजे मोटार चालू झाली की साहेबांचं कौतुक व्हायचं. आधीची सगळी वर्षं पिशव्या भरणं, बी टोकणं, पाणी देणं आणि पाहुणे आले की हार आणणं यात गेली. मग विद्यापीठातले मोठे सर एक प्रकल्प घेऊन आले आणि आमच्या माळावर प्लास्टिकच्या भिंतींच्या चार खोल्या उभ्या राहिल्या.

बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगतो. हवेत कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू असतो. झाड तो पानांतून घेतं आणि उन्हाच्या मदतीने स्वतःचं अन्न बनवतं. गाड्या, कारखाने, भट्ट्या यांच्यामुळे हा वायू हवेत वाढत चाललाय. उद्या तो आणखी वाढला तर आपली करंज, चिंच, सीताफळ यांची लहान रोपं कशी वाढतील, हा प्रश्न. उद्यापर्यंत थांबायला कुणाला सवड नाही, म्हणून उद्याची हवा आजच तयार करायची. चारपैकी दोन खोल्यांत नळीने जादा गॅस सोडायचा, दोन खोल्यांत नेहमीची हवा ठेवायची. माती तीच, पाणी तेच, ऊन तेच. शेवटी रोपं उपटून, वाळवून, वजन करायचं आणि फरक बघायचा.

खोल्यांना छत नव्हतं, ते मुद्दाम. छत घातलं तर आत उकाडा होतो, मग रोप गॅसमुळे वाढलं की उकाड्यामुळे, ते कळत नाही. पण हे गावाला कोण सांगणार? येणारा जाणारा वर बघायचा आणि म्हणायचा, "छताचं मंजूर झालेलं कुणी खाल्लं?" मी सुरुवातीला समजावून सांगायचो. नंतर "चौकशी चालू आहे" असं म्हणायला लागलो. त्याने लोकांचं समाधान व्हायचं.

गॅसच्या टाक्या बीडहून रफिकभाई आणायचे. त्यांचा मूळ धंदा सोडावॉटरवाल्यांना टाक्या पुरवण्याचा. पहिल्यांदा आले तेव्हा ते बराच वेळ करंजाच्या रोपाकडे बघत राहिले. "माणसाच्या पोटात हा गॅस गेला की ढेकर येतो," ते म्हणाले. "झाडाला काय येतं, जनाब?" टाकीतून गॅस सुटला की तोंडाशी बसवलेला रेग्युलेटर गार पडतो, भर उन्हाळ्यात त्याच्यावर बर्फाची साय धरते. रफिकभाई आपली पाण्याची बाटली त्याला टेकवून ठेवायचे. या प्रकल्पाचा सर्वसामान्य जनतेला झालेला हा पहिला फायदा.

गिऱ्हाइकंही यायची. चकलांब्याचे एक पाटील मोटरसायकलला रिकामी स्वयंपाकाची टाकी बांधून आले. त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं की गॅसने पीक दुप्पट होतं.

"आमच्या कपाशीला एक टाकी सोडा," ते म्हणाले.

हा तो गॅस नव्हे, आणि उघड्या शेतात सोडला तर वाऱ्यावर निघून जाईल, असं मी सांगितलं.

पाटलांनी विचार केला. "मग वारं बंद करायचं यंत्र कवा येनार हाय?"

त्यांना मी चहा पाजून वाटेला लावलं. जाताना ते म्हणाले, सरकारी लोक चांगली चीज स्वतःपाशीच ठेवतात.

आता मूळ माणसांकडे येतो. प्रयोग सुवर्णाचा होता. वडवणीकडची मुलगी, मोठ्या सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. घरच्यांनी लग्न पुढे ढकललं होतं आणि दर सणाला ते किती पुढे ढकललंय याची तिला आठवण दिली जायची. ती मला काका म्हणायची. तिचं सगळं या चार खोल्यांत होतं. रोपं लावायच्या वेळी कोणतं रोप कोणत्या खोलीत जाईल हे तिने चिठ्ठ्या टाकून ठरवलं. कारण सोपं होतं. चांगली रोपं एका खोलीत आणि किरटी दुसऱ्या खोलीत गेली, तर फरक आधीचाच, आणि नाव गॅसचं. प्रत्येक रोपाच्या खोडाला तिने तारेने पत्र्याचा बिल्ला बांधला होता, त्यावर खोली आणि नंबर ठोकलेला.

आमच्या मजूर बायकांची मुकादम पारूबाई. तिचं आयुष्य रोपवाटिकेत गेलेलं. चिठ्ठ्या बघून ती म्हणाली, "ह्या पोरीनं रोपांचा लकी ड्रॉ काढलाय." पण रोपं तिनेच वाढवली. सुवर्णा मोजायची, पारूबाई बोलायची. कोणत्या करंजाला काल पाणी कमी पडलं, कोणत्या सीताफळाच्या पानाखाली अळी आहे, हे ती रोपालाच विचारायची आणि उत्तर मिळाल्यासारखी पुढे जायची.

पहिले काही महिने गॅसच्या खोल्यांतली रोपं पुढे होती. पानं जाड, फूट जोमदार. मोठे सर फोनवर खूश असायचे. मग रोपं हळूहळू मंदावली आणि साध्या हवेतली त्यांना गाठायला लागली. सुवर्णाने मला त्याचं कारण सांगितलं, ते मी अजून लोकांना सांगतो. गॅस म्हणजे झाडाला मिळालेलं जादा पीठ. पण नुसत्या पिठाने स्वयंपाक होत नाही. मातीतलं नत्र, बाकीची खतं ही डाळभाजी, ती आमच्या मुरमाड मातीत होतीच किती? इथंच घोडं पेंड खात होतं. एकटा करंज तेवढा पुढे राहिला, कारण त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जीव हवेतलं नत्र त्याला मिळवून देतात. चिंचेत फरक थोडा. सीताफळात जवळजवळ नाहीच, उलट गॅसमधल्या पानांत कस कमी, म्हणून अळ्या जास्त खायच्या.

म्हणजे निकाल होता तो असा: झाडं आपला सगळा धूर पिऊन टाकतील, या भरवशावर राहू नका. निदान आमच्यासारख्या मातीत तरी नको. हा निकाल खरा होता, कामाचा होता, आणि त्याच्यावर कुणी हार घालणार नव्हतं.

अशात प्रकल्पाची मुदत संपत आली. मुदतवाढ मिळाली तर बायकांचं काम चालू राहणार, नाहीतर सगळं बंद. मोठ्या सरांनी वरचे अधिकारी आणि आमच्या भागातले अण्णा यांचा दौरा ठरवला. अण्णांना पद कोणतं होतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांच्याशिवाय माळावर खांबसुद्धा उभा राहत नसे. त्यांचा खडी क्रशर आमच्या माळावरून दिसायचा. त्याच्या धुळीने खालच्या वस्तीतले लोक खोकून हैराण होते आणि अर्ज करून करून थकले होते.

दौऱ्याच्या आधी रोपवाटिकेत काय होतं, ते आमच्या धंद्यातल्या माणसालाच ठाऊक. दगडांना चुना, कुंड्यांना गेरू, आणि मुख्य म्हणजे प्रतवारी. उंच रोपं उचलून वाटेच्या बाजूला लावायची, बुटकी मागे न्यायची. साहेब वाटेनेच जातो, मागे जात नाही. सगळा वाफा एका कात्रीने कापल्यासारखा दिसला पाहिजे. ही लबाडी नाही, रीत आहे. मुलगी दाखवताना तिला नवी साडी नेसवतात, तसंच.

दौऱ्याच्या सकाळी सुवर्णा आणि मी हार, नारळ, शाली घ्यायला बीडला गेलो होतो. परत आलो तेव्हा पारूबाई फाटकातच उभी, हातपाय मातीने भरलेले, चेहऱ्यावर समाधान.

"मॅडम, तुमच्या खोल्या लई वाकड्यातिकड्या दिसत व्हत्या," ती म्हणाली. "एक रोप उंच, एक बुटकं. पाव्हन्यांसमोर लाज गेली असती. समदी लावून घेतली."

गॅसच्या दोन खोल्या वाटेच्या कडेला होत्या. साध्या हवेच्या दोन मागच्या बाजूला. पारूबाईने चारही खोल्यांतली उंच रोपं उचलून पुढच्या दोन खोल्यांत लावली होती आणि बुटकी मागे नेली होती. काम इतकं सुबक होतं की दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी तिची पाठ थोपटली असती.

सुवर्णा धावत खोल्यांत जाऊन बिल्ले बघायला लागली. तेवढ्यात मोठ्या सरांचा फोन आला, मंडळी मांजरसुंब्याला चहा पिऊन निघाली होती. परत लावायला वेळ नव्हता. ती फोनवर म्हणाली, "सर, रोपं हललीत, खोल्या दाखवू नका." सर म्हणाले, "हलली तर काय झालं? पाणी मारून ठेवा."

गाड्या आल्या. नारळ फुटला. अण्णा पुढच्या खोलीत शिरले आणि छातीपर्यंत आलेली रोपं बघून थबकले. मग मागच्या खोलीत गेले, तिथे गुडघ्याएवढी. पुन्हा पुढे आले.

"हे गॅसवालं? आन ते बिनगॅसवालं?"

"होय अण्णा," मोठे सर म्हणाले. एवढा फरक त्यांनाही अपेक्षित नव्हता, पण आयुष्यात पहिल्यांदाच निकाल असा चालून आला होता. सुवर्णा पुढे सरकली. "सर, आज ही रोपं मूळ जागेवर नाहीत," ती म्हणाली. सरांनी तिच्या हातात शाल दिली. "साहेबांना घाल."

अण्णांनी तिथंच भाषण केलं. "बघा! लोक माझ्या क्रशरच्या नावानं बोंबलत्यात. अरे, धूर म्हंजी झाडाचं टॉनिक हाय! हितं सायन्सनं सिद्ध झालंय." क्रशरमधून धूळ निघते आणि टाकीतून निघतो तो वायू, हा फरक सांगायचा कुणी? अण्णांनी धूळ आणि धूर यांत कधी भेदभाव केलेला नव्हता. वरच्या अधिकाऱ्यांनी मान डोलावली. मुदतवाढ मिळाल्यासारखीच होती. अण्णा जाता जाता म्हणाले, माझ्या वाढदिवसाला ही गॅसची रोपं क्रशरभोवती लावू, फोटो काढू, मग कोण अर्ज करतो बघू.

धुरळा खाली बसल्यावर आम्ही बिल्ले बघून रोपं मूळ जागी न्यायला सुरुवात केली. पारूबाई फुगून बसली होती. "मंग तुमाला वाकडीतिकडीच बघायची व्हती, तर सांगायचं न्हाई का?" सुवर्णाने तिला जवळ बसवून सगळं सांगितलं, चिठ्ठ्या का टाकल्या होत्या तेही. पारूबाई ऐकत राहिली. मग उठली आणि रोपं उचलायला लागली.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. मी शेजारीच होतो. आणखी मोठे पाहुणे येणार, रोपं दौऱ्याच्या दिवशी होती तशीच लावा आणि तशीच राहू द्या. सुवर्णा म्हणाली, मग वजन करताना काय लिहायचं? सर माणूस म्हणून वाईट नव्हते. किती प्रकल्प बंद पडताना त्यांनी पाहिले होते. "जे दिसतंय ते लिही," ते म्हणाले. "बायकांच्या पोटाचा विचार कर. आणि तुझ्याही."

सुवर्णाने फोन ठेवला. एवढी वर्षं मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही ती रडली नाही. तिने पारूबाईला बोलावलं आणि रफिकभाईंनाही, ते टाक्या उतरवत होते.

"रोपं आत्ताच उपटली तर माझं काम खरं राहतं," ती म्हणाली. "ठरल्यापेक्षा थोडं अपुरं, पण खरं. मग दाखवायला काही उरत नाही, मुदतवाढही जाते. तुमचं काम जातं. माझ्या एकटीचं असतं तर विचारलं नसतं."

रफिकभाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "माझी फिकर करू नका, मॅडम. सोडा पिणारे कमी झाले न्हाईत. पण पारूबाईकडे चार बाया हायेत."

पारूबाई खोलीत गेली. एका करंजाच्या पानावरून हात फिरवला. "मी लावलेलं कदी उपटलं न्हाई," ती म्हणाली. "वाळलं तरी न्हाई उपटलं, पानी घालत राह्यले." मग सुवर्णाकडे वळली. "ते क्रशरवाले ही रोपं नेतील?"

"नेतील."

"आन लोकास्नी सांगतील, धुरानं वाढली म्हनून?"

"सांगतील."

"माझी मावसबहीन त्याच वस्तीत ऱ्हाती. रातभर खोकती." पारूबाईने पदर खोचला. "खुरपं आना. मुळं तुटू द्यायची न्हाईत, एकबी."

ती सगळा वेळ रडत होती आणि सगळ्यांत सुबक काम तिचंच होतं. पिशवी चिरायची, माती पाण्यात हलक्या हाताने सोडवायची, चाळणीवर मुळं धुवायची, बिल्ल्यासकट कागदी पाकिटात भरायची आणि पाकिटं सुकवायच्या भट्टीत ठेवायची. भट्टीतून येणारा ओल्या पानांचा वास मला तेव्हा सहन झाला नाही. मी बाहेर जाऊन मोटारीशी उगाच खुडबुड करत बसलो.

अण्णांची माणसं ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आली, तेव्हा चारही खोल्या रिकाम्या होत्या.

"रोपं कुठं गेली, बे?" त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं.

"भट्टीत," मी म्हणालो.

"कावून?"

"वजन करायचंय."

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग आत भट्टीपाशी बसलेल्या सुवर्णाकडे. आमच्यात शहाणं कुणीच नाही अशी त्याची खात्री झाली. पण ट्रॉली रिकामी नेणं त्याला परवडणारं नव्हतं. मागच्या वाफ्यांतली साधी कडुनिंबाची रोपं, ज्यांनी गॅसचं तोंडही पाहिलं नव्हतं, ती भरून तो निघून गेला. वाढदिवसाला ती क्रशरभोवती लागली आणि वर फलक लागला, 'वैज्ञानिक वृक्ष'. फलक अजून आहे. रोपं पानांवर धूळ धरून काही दिवस उभी होती, मग शेळ्यांनी विज्ञानाचा प्रश्न मिटवला.

मुदतवाढ आली नाही. सर सुवर्णाशी बरेच दिवस बोलले नाहीत. पारूबाई आणि तिच्या बाया दुसऱ्यांच्या शेतात रोजाने जायला लागल्या. या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं. खरं बोलायची किंमत एकीने ठरवली आणि पाचजणींनी दिली, असं मी एकदा पारूबाईला म्हणालो, तर ती माझ्यावरच उखडली. "आमाला इचारलं व्हतं तिनं," ती म्हणाली. "तुमच्या कोन्या सायबानं कवा इचारलं?"

सुवर्णाच्या शेवटच्या तोंडी परीक्षेला रफिकभाईंनी आपल्या टेम्पोतून पारूबाईला आणि मला विद्यापीठात नेलं. ही परीक्षा सगळ्यांसमोर होते. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. तिने करंज, चिंच, सीताफळ सगळं नीट मांडलं. बाहेरगावच्या परीक्षकांना ते पसंत पडलं असावं, ते मान हलवत ऐकत होते. मग त्यांनी चष्मा काढला.

"एकच शंका आहे. आराखड्यात ठरलेल्या वेळेच्या आधीच तुम्ही रोपं काढलीत. का?"

मोठे सर पहिल्या रांगेत होते. सुवर्णाने त्यांच्याकडे पाहिलं. ती काय सांगेल, किती सांगेल, हे मलाही ठाऊक नव्हतं. एका वाक्यात ती त्यांना उघडं पाडू शकत होती, आणि त्याच वाक्यात स्वतःची पदवीही घालवू शकत होती.

"आणखी थांबले असते, तर रोपं वाढली असती, सर," ती म्हणाली. "पण ती कोणत्या हवेत वाढली, हे मला छातीठोकपणे सांगता आलं नसतं."

परीक्षकांनी प्रश्नार्थक नजरेने मोठ्या सरांकडे पाहिलं. सर लगेच सावरून उभे राहिले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "फार विचारपूर्वक निर्णय होता तो. आम्ही मिळून घेतला."

पारूबाई माझ्याकडे वळली. ती कुजबुजली असं तिला वाटलं, पण शेतात हाका मारायची सवय असलेला तो आवाज. "हे कवा आलते तिथं?"

सगळ्या माना मागे वळल्या. सरांचे कान लाल झाले. सुवर्णाच्या ओठांवर हसू आलं आणि डोळ्यांत पाणी, दोन्ही एकदमच.

"हो सर," ती परीक्षकांना म्हणाली. "निर्णय आम्ही मिळूनच घेतला. ते सगळे आज आलेत." आणि तिने शेवटच्या रांगेकडे हात केला.

परीक्षक आमच्याकडे बघत राहिले. रफिकभाई उठले, मग पारूबाई डोक्यावरचा पदर सारखा करत उठली, आणि मी.